सिंहली कारागिरांचे चरित्रकार : डॉ. आनंद कुमारस्वामी

बौद्ध कला म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे अजिंठा, कार्ले, भाजे, सांची यांची चित्रे उभी राहतात. आपण तेथे सहली नेतो, मुलांना स्तूप व चैत्य दाखवतो, आणि ज्या राजांनी व दात्यांनी दान दिले त्यांची नावे सांगतो. ज्यांनी प्रत्यक्ष छिन्नी धरली, त्यांच्याविषयी मात्र सांगण्यासारखे आपल्यापाशी फारसे नसते. कार्ल्याच्या एका शिलालेखात धेनुकाकटच्या सामी नामक सुताराचा उल्लेख येतो. पण असे उल्लेख विरळाच. हे हात कोणाचे होते, ते कसे शिकले, त्यांचे पोट कशावर चालले आणि समाजाने त्यांना कोणत्या पंगतीत बसवले, हे प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतात.

आपल्या दक्षिणेस असलेल्या श्रीलंकेच्या बेटावर हेच प्रश्न एका विद्वानाने विसाव्या शतकाच्या आरंभी विचारले, आणि उत्तरे देणारी माणसे जिवंत असतानाच ती लिहून घेतली. डॉ. आनंद केंटिश कुमारस्वामी हे त्यांचे नाव. त्यांच्या काही विचारांशी आमचा तीव्र मतभेद आहे आणि तोही आम्ही येथे मांडणार आहोत. तरीही या स्मरणिकेत त्यांचे चरित्र असावे असे आम्हांस वाटले, कारण त्यांनी उभा केलेला प्रश्न आपल्या घराघरांशी निगडित आहे.

दोन किनाऱ्यांचा वारसा

आनंद कुमारस्वामी यांचा जन्म २२ ऑगस्ट १८७७ रोजी कोलंबो येथे झाला. वडील सर मुतु कुमारस्वामी हे श्रीलंकेतील प्रतिष्ठित तमिळ कुटुंबातले, विधिमंडळाचे सदस्य. ख्रिस्ती किंवा ज्यू नसूनही इंग्लंडमध्ये बॅरिस्टरीची सनद मिळवणारे ते पहिले गृहस्थ मानले जातात. स्वतः शैव परंपरेतले असूनही त्यांनी पाली भाषेचा व्यासंग केला आणि सुत्तनिपातातील सुत्तांचे व दाठावंसाचे इंग्रजी भाषांतर १८७४ मध्ये प्रसिद्ध केले. दाठावंस हा बुद्धांच्या दंतधातूचा इतिहास सांगणारा ग्रंथ. तो दंतधातू आजही कँडीच्या दळदा मंदिरात आहे. आनंदांची आई एलिझाबेथ बीबी ही इंग्लंडमधील केंट परगण्यातली. त्यांच्या नावातील ‘केंटिश’ हा शब्द त्याचीच खूण होय.

आनंद दोन वर्षांचे होण्यापूर्वीच, १८७९ मध्ये, वडील निवर्तले. आईबरोबर इंग्लंडला गेलेले हे मूल तेथेच वाढले. बाराव्या वर्षी ते वायक्लिफ नावाच्या निवासी शाळेत दाखल झाले. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून त्यांनी भूगर्भशास्त्र व वनस्पतिशास्त्र या विषयांत १९०० साली पदवी घेतली. वडिलांची भाषा त्यांच्या कानांवर पडली नव्हती आणि जन्मभूमी केवळ ऐकून माहीत होती. अशा तरुणाने सिंहली खेड्यातल्या कारागिराचा चरित्रकार व्हावे, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

दगडांकडून माणसांकडे

१९०२ मध्ये त्यांचा विवाह एथेल पार्ट्रिज यांच्याशी झाला. पुढे एथेल मेअरे या नावाने हातमाग व नैसर्गिक रंगाईच्या क्षेत्रात कीर्ती मिळवणाऱ्या त्या याच. १९०३ मध्ये कुमारस्वामी श्रीलंकेच्या खनिज सर्वेक्षणाचे संचालक झाले. त्यांच्या या कामातून थोरियम व युरेनियम असलेले एक नवे खनिज जगापुढे आले आणि त्याला थोरिअनाइट हे नाव मिळाले. १९०६ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली. तिशीच्या आतच त्यांचे नाव विज्ञानाच्या क्षेत्रात स्थिर झाले होते.

पण खनिजांसाठी खेडोपाडी हिंडताना त्यांच्या नजरेला दुसरेच काही पडत होते. डोंगरकपारीतल्या विहारांच्या भिंतींवर जातककथांची चित्रे होती. कोठे त्यांचे पोपडे निघत होते, तर कोठे दुरुस्तीच्या नावाखाली त्यांच्यावर चुना फासला जात होता. हस्तिदंताच्या फण्या, लाखेचे रंगीत दांडे, पितळी दिवे, नक्षीदार सुऱ्या, विणलेल्या चटया या वस्तू जुन्या घरांत अजून होत्या. नव्या घरांत त्यांच्या जागी परदेशी कारखान्यांचा माल येत होता. कारागीर जिवंत होते, त्यांच्याकडे काम मात्र नव्हते. सुशिक्षित वर्गाला या वस्तूंची लाज वाटू लागली होती.

१९०५ मध्ये कुमारस्वामी यांनी कँडीच्या सरदारांना उद्देशून एक अनावृत पत्र प्रसिद्ध केले. जुन्या वास्तू व जुनी कारागिरी यांची हेळसांड होत आहे आणि ज्यांच्या पूर्वजांनी ती पोसली त्यांनीच तिच्याकडे पाठ फिरवली आहे, असा त्याचा आशय होता. त्याच सुमारास त्यांनी सिलोन सामाजिक सुधारणा मंडळ उभारण्यात पुढाकार घेतला. परकीयांचे पोशाख व रीतिरिवाज यांचे अंधानुकरण थांबावे, मुलांना सिंहली व तमिळ या मातृभाषांतून शिक्षण मिळावे आणि देशी कलांना पुन्हा मान मिळावा, ही या मंडळाची दिशा होती. मंडळाच्या नियतकालिकाचे संपादनही त्यांनी केले. इंग्लंडमध्ये वाढलेला आणि इंग्रजीतच विचार करणारा माणूस उसन्या पिसांविरुद्ध लिहीत होता. ही विसंगती त्यांच्या टीकाकारांनी हेरली नसेल असे नाही. पण आपली वस्तू हरवल्याची जाणीव कित्येकदा दूर वाढलेल्यालाच आधी होते.

कँडीच्या कारागिराचे जग

त्यांना जे आढळले ते समजून घेण्यासाठी कँडीच्या राज्याची थोडी ओळख हवी. किनारपट्टी आधी पोर्तुगीज व मग डच यांच्या ताब्यात गेली, तरी डोंगराळ प्रदेशातील कँडीचे राज्य १८१५ पर्यंत स्वतंत्र राहिले. अठराव्या शतकात राजा कीर्ति श्री राजसिंह आणि वेलिविट सरणंकर या भिक्खूंच्या प्रयत्नांनी तेथे धम्माचे पुनरुज्जीवन झाले. १७५३ मध्ये सयामहून आलेल्या भिक्खूंनी उपसंपदेची खंडित परंपरा पुन्हा सुरू केली. या काळात अनेक विहार नव्याने बांधले गेले व रंगवले गेले. कँडीजवळच्या देगल्दोरुव येथील गुहाविहारातील वेस्संतर जातकाची चित्रे याच काळातली. हा राजा दक्षिण भारतातून आलेल्या नायक्कर घराण्यातला होता, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

या चित्रांची रीत साधी व ठाम आहे. भिंतीवर आडवे पट्टे आखून कथा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सांगत न्यायची; एकच पात्र प्रसंगानुसार पुन्हा पुन्हा यायचे; पार्श्वभूमी बहुधा लाल आणि मोकळी जागा फुलांनी भरलेली. रंग मोजकेच : पांढऱ्यासाठी विशिष्ट माती, लाल हिंगुळाचा, पिवळा झाडाच्या चिकाचा, काळा काजळीचा. अक्षर न येणाऱ्या उपासकालाही वेस्संतराच्या दानाची कथा भिंतीवरून वाचता येत असे.

कुमारस्वामी यांनी या वस्तूंच्या जोडीला त्या घडवणाऱ्यांची व्यवस्थाही नोंदवली. राजदरबारी कारागिरांच्या चार कार्यशाळा असत. सोनार, चित्रकार, हस्तिदंताचे काम करणारे, लोहार अशा कसबी लोकांना सेवेच्या मोबदल्यात जमीन मिळे. विहारांकडेही अशा जमिनी असत. कारागीर आपल्या शेतावर पोट भरी आणि ठरलेल्या दिवसांत राजासाठी किंवा विहारासाठी काम करी. बाजाराच्या चढउतारावर त्याची चूल अवलंबून नव्हती, म्हणून एखादी वस्तू नीट होईपर्यंत तिच्यावर वेळ घालवणे त्याला परवडत होते.

शिक्षण घरच्या घरी, बापाकडून किंवा गुरूकडून होई. मुलाने आधी दुहेरी वळणाची एक रेघ गिरवायची. ती हातात बसली की तिच्यातून पाने, वेली, हंस, सिंह उमलत जायचे. जोडीला मूर्तींची मापे सांगणारे संस्कृत श्लोक पाठ करायचे. ‘सारिपुत्र’ नावाच्या ग्रंथात बुद्धमूर्तीची प्रमाणे दिलेली असत.

नेत्रमंगल विधीचे वर्णनही त्यांच्या ग्रंथात येते. बुद्धमूर्तीचे सर्व काम झाले तरी डोळे कोरेच ठेवले जात. ठरलेल्या मुहूर्तावर मुख्य कारागीर आत जाई आणि मूर्तीकडे थेट न पाहता, आरशातील प्रतिबिंबात पाहून डोळे रंगवी. विधीमागच्या श्रद्धेविषयी आपले मत काहीही असो. ज्या समाजाने चित्रकाराच्या कुंचल्याच्या एका फटकाऱ्याला एवढे महत्त्व दिले, त्याने त्याचे काम क्षुल्लक मानले नव्हते हे उघड आहे.

१८१५ मध्ये कँडीचा राजा पदच्युत झाला आणि सत्ता इंग्रजांकडे गेली. १८३२ मध्ये ब्रिटिश सरकारने सक्तीच्या राजसेवेची पद्धत मोडीत काढली. सक्ती गेली हे चांगलेच झाले. परंतु राजाश्रयही गेला आणि कारागिराला आधार देणारी दुसरी कोणतीही व्यवस्था उभी राहिली नाही. त्यातच कारखान्यांचे कापड व रासायनिक रंग आले. कुमारस्वामी पोहोचले तेव्हा या पडझडीला तीन पिढ्या लोटल्या होत्या.

पंधरा महिन्यांचा ग्रंथ

१९०७ मध्ये कुमारस्वामी पतिपत्नी इंग्लंडला परतली आणि ब्रॉड कॅम्प्डन या खेड्यातील एका जुन्या चॅपलच्या वास्तूत राहू लागली. तेथेच ‘मेडीव्हल सिंहलीज आर्ट’, म्हणजे मध्ययुगीन सिंहली कला, या ग्रंथाची छपाई झाली. यंत्रयुगातही हातकामाचा मान राखावा म्हणून झटणारे विल्यम मॉरिस यांनी आपल्या केल्मस्कॉट छापखान्यात वापरलेला हातदाब येथे उपयोगात आला. सप्टेंबर १९०७ पासून डिसेंबर १९०८ पर्यंत, पंधरा महिने, हे काम चालले. अवघ्या ४२५ प्रती निघाल्या. ग्रंथातील छायाचित्रांचे बरेचसे काम एथेल यांचे होते. पतीच्या कीर्तीखाली पत्नीचे श्रम झाकले जाण्याची रीत सर्वत्र सारखीच. म्हणून आम्ही त्यांचे नाव येथे मुद्दाम नोंदवीत आहोत.

या ग्रंथात राजांच्या पराक्रमाला फारशी जागा नाही. घर कसे बांधत, कुलूप कसे घडवत, लाख कशी चढवत, धागा कशापासून काढत, कोणत्या कामाला काय मोबदला मिळे, अशा गोष्टी त्यात आहेत. मातले भागातील हपुविद या गावचे कारागीर लाखेचा तलम धागा ओढून तो अंगठ्याच्या नखाने दांड्यावर बसवतात व तोडतात. हे नखकाम आजही त्या भागाची ओळख आहे. कला म्हणजे दालनात टांगायची चीज, ही समजूत हा ग्रंथ खोडून काढतो. त्याच्या लेखी, ज्या समाजात तांदूळ मोजायचे मापही सुरेख असते, तोच समाज कलावंत.

भारत आणि बोस्टन

श्रीलंकेच्या कलेची मुळे शोधत कुमारस्वामी भारताकडे वळले. बंगालमधील स्वदेशीच्या चळवळीत ते टागोर कुटुंबाच्या निकट आले. परदेशी कापडाऐवजी देशी गिरणीचे कापड वापरणे एवढ्याने स्वदेशी पुरी होत नाही. देशी वस्तूची पारख करणारी नजर परत मिळाली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १९१० मध्ये लंडनच्या एका सभेत सर जॉर्ज बर्डवूड या अधिकाऱ्याने जावा बेटावरील एका ध्यानस्थ बुद्धमूर्तीला उकडलेल्या खाद्यपदार्थाची उपमा देऊन तिची टर उडवली. त्याचा निषेध म्हणून अनेक इंग्रज कलावंत पुढे आले आणि भारतीय कलेचा योग्य परिचय करून देण्यासाठी इंडिया सोसायटी स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत ई. बी. हॅवेल यांच्यासमवेत कुमारस्वामीही होते.

या वर्षांत त्यांनी राजपूत व पहाडी चित्रांचा मोठा संग्रह केला. तो भारतातच राहावा, त्यातून एक राष्ट्रीय संग्रहालय उभे राहावे अशी त्यांची इच्छा होती; परंतु ती तडीस गेली नाही. अखेर १९१७ मध्ये तो संग्रह अमेरिकेतील बोस्टनच्या कलासंग्रहालयाकडे गेला आणि कुमारस्वामी तेथे भारतीय कलाविभागाचे प्रमुख झाले. उरलेली तीस वर्षे ते तेथेच राहिले. आपल्याकडच्या वस्तू पाहण्यासाठी आपल्यालाच सातासमुद्रापार जावे लागते, याची जी अनेक उदाहरणे आहेत त्यांतले हे एक.

बौद्ध कलेच्या अभ्यासात त्यांची कामगिरी मोलाची आहे. १९१६ मध्ये बुद्ध व बौद्ध धम्म यांवरील त्यांचा ग्रंथ निघाला. त्यातील चित्रे अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांची होती. १९२७ मध्ये त्यांनी बुद्धमूर्तीच्या उगमावर एक दीर्घ निबंध लिहिला. बुद्धांची मानवी रूपातली मूर्ती प्रथम ग्रीक प्रभावाखालील गांधारात घडली, असे फूशे या फ्रेंच विद्वानाचे मत तेव्हा प्रमाण मानले जाई. कुमारस्वामी यांनी मथुरेच्या मूर्तींकडे बोट दाखवले. त्यांच्या रुंद खांद्यांचा, भक्कम ठेवणीचा संबंध ग्रीक देवतांशी नसून येथल्याच जुन्या यक्षमूर्तींशी आहे, हे त्यांनी दाखवून दिले. हा वाद पुढेही चालू राहिला. पण बुद्धमूर्ती ही या मातीतल्या कारागिरांची निर्मिती असू शकते, हा विचार त्यांच्यामुळे अभ्यासकांना टाळता येईना. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय व इंडोनेशियन कलेच्या इतिहासात आपली भाजे, कार्ले, अजिंठा ही लेणी आणि श्रीलंकेतील अनुराधपूर, पोलोन्नरुव ही स्थळे एकाच सूत्रात गुंफलेली आढळतात.

आमचा मतभेद

येथवर आम्ही त्यांचे ऋण मांडले. आता मतभेद सांगणे कर्तव्य ठरते. कारण थोरांची चरित्रे डोळे मिटून वाचण्याची शिकवण आम्हांस मिळालेली नाही.

कुमारस्वामी यांना कँडीच्या कारागिराची कला दिसली, तिला पोसणारी जमीन दिसली आणि पिढीजात विद्या दिसली. त्यावरून त्यांनी वंशपरंपरेने धंदा ठरवणाऱ्या समाजरचनेची पाठराखण केली. पुढे भारतातील जातिव्यवस्थेविषयीही ते आदर्शाच्या भाषेत लिहीत राहिले. पण ती रचना खालच्या पायरीवरून कशी दिसते? श्रीलंकेतील दुंबर खोऱ्यातल्या चटया त्यांवरच्या पशुपक्ष्यांच्या नक्षीसाठी प्रसिद्ध आहेत. त्या विणणारे किन्नर जातीचे लोक सिंहली समाजाच्या उतरंडीत अगदी तळाशी होते. दंतधातूच्या मिरवणुकीत ज्यांच्या ढोलावाचून पाऊल उचलत नसे, ते बेरव जातीचे वादकही हीनच लेखले जात. ढोल पवित्र आणि वाजवणारा हलका, हा न्याय आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. हलगीशिवाय गावचा सण होत नव्हता. हलगी वाजवणाऱ्याला मात्र वेशीबाहेर राहावे लागत होते.

कुमारस्वामी स्वतः उच्चकुलीन होते. जमीन, गुरू व प्रतिष्ठा लाभलेल्या कारागिराकडे पाहून त्यांनी संपूर्ण व्यवस्थेचे मोल ठरवले. कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या टिकले हे खरे. पण ज्याला ते काम नको होते त्याला सुटका नव्हती, आणि ज्याला दुसरे शिकायचे होते त्याला दार बंद होते, ही किंमत त्यांच्या हिशेबात आली नाही.

दुसरा मतभेद धम्माविषयी आहे. उत्तरायुष्यात, विशेषतः १९४३ च्या ‘हिंदुइझम अँड बुद्धिझम’ या पुस्तकात, त्यांनी बुद्धांची शिकवण वैदिक परंपरेहून मुळात वेगळी नाही असे प्रतिपादन केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ ज्यांनी अभ्यासला आहे, त्यांना हे मत मान्य होणे शक्य नाही. जन्मावर माणसाची योग्यता ठरत नाही, हे बुद्धवचनांचे सार बाजूला ठेवूनच असे साम्य दाखवता येते.

तिसरा मुद्दा आमच्यासारख्या शाळेला अधिक जवळचा आहे. साक्षरतेवर अतिरिक्त भर देण्याविरुद्ध कुमारस्वामी यांनी एक निबंध लिहिला. अक्षर न येणारा समाजही सुसंस्कृत असतो आणि वरून लादलेली साक्षरता त्याच्या स्मरणातले धन नष्ट करते, असा त्यांचा युक्तिवाद होता. यातले अर्धे सत्य आम्ही मनापासून मान्य करतो. जात्यावर बसून बुद्ध-भीमाच्या ओव्या रचणाऱ्या आपल्या आजींना अक्षरओळख नव्हती. तरी त्यांच्या शहाणपणाला कोण अडाणीपणा म्हणेल? पण ज्यांना अक्षर ठरवून नाकारले गेले, त्यांना साक्षरतेपासून जपून राहा असे सांगणे म्हणजे कुलूप लावणाऱ्याची बाजू घेणे होय. त्या आजींनीच आपल्या नातवंडांना वसतिगृहाच्या दारी आणून सोडले. ओवी आणि अक्षर यांत त्यांना विरोध दिसला नाही.

आजची श्रीलंका

कुमारस्वामी यांनी नोंदवलेली कला पुढे जगली का? बऱ्याच अंशी जगली, पण त्यांना अपेक्षित असलेल्या रीतीने नव्हे.

ऑगस्ट १९४३ मध्ये कोलंबोत काही चित्रकारांनी ‘४३ गट’ स्थापन केला. त्यांतले जॉर्ज कीट हे डच वंशाच्या बर्गर समाजातले, कँडीत वाढलेले. त्यांनी १९३९-४० मध्ये कोलंबोतील बोरेल्ला येथील गोतमी विहाराच्या भिंतींवर बुद्धचरित्र रंगवले. त्यातील रेषा आधुनिक युरोपीय चित्रकलेशी जेवढे नाते सांगते, तेवढेच जुन्या विहारचित्रांशी. त्याच गटातील मंजुश्री हे आधी भिक्खू होते. पडझड झालेल्या विहारांत जाऊन भित्तिचित्रांच्या हुबेहूब प्रतिकृती करण्यात त्यांनी अनेक वर्षे वेचली. मूळ भिंती जेथे नष्ट झाल्या, तेथे या प्रतिकृतीच साक्ष देतात. १९७९ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

नृत्याची कथा अधिक बोलकी आहे. कँडीचे नृत्य व ढोलवादन पूर्वी बेरव जातीचे जातकाम मानले जाई. विसाव्या शतकात चित्रसेन यांच्यासारख्या कलावंतांनी ते रंगमंचावर आणले; शाळांतून ते शिकवले जाऊ लागले आणि पाहता पाहता ते राष्ट्राचे नृत्य ठरले. आज कोणत्याही समाजातली मुले ते शिकतात. जातीचे कुंपण सैल झाले म्हणून कला मेली नाही, उलट ती देशभर पसरली. कुमारस्वामी यांच्या सिद्धांताला त्यांच्याच जन्मभूमीने दिलेले हे उत्तर आहे. मात्र ज्या घराण्यांनी शतकानुशतके ते नृत्य जपले, त्यांच्या वाट्याला या गौरवातला किती भाग आला, हा प्रश्न तेथेही विचारला पाहिजे आणि येथेही.

अखेर

२२ ऑगस्ट १९४७ रोजी कुमारस्वामी सत्तर वर्षांचे झाले. आठवडाभरापूर्वीच भारत स्वतंत्र झाला होता. निवृत्त होऊन भारतात परतावे आणि उरलेले आयुष्य शांतपणे घालवावे, असा त्यांचा विचार होता. तो योग आला नाही. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील नीडहॅम येथील घरी त्यांचे निधन झाले. काही महिन्यांनी, फेब्रुवारी १९४८ मध्ये, त्यांची जन्मभूमीही स्वतंत्र झाली.

त्यानंतर दोन वर्षांनी, मे १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेस गेले. परिषद कँडीत भरली होती. ज्या नगरीच्या कारागिरांचे चरित्र कुमारस्वामी यांनी लिहिले, तीच ही नगरी. एकाने तेथे हातांची विद्या पाहिली. दुसऱ्याने जन्माच्या बेड्यांतून माणसाला सोडवणारा धम्म आपल्या लोकांसाठी कसा आणता येईल, याचा शोध चालवला होता. आम्हांस वाटते की या दोन्ही दृष्टी एकमेकींवाचून अपुऱ्या आहेत. कलेचा गौरव करून कलावंताला पायरीखाली ठेवणे हा अन्याय होय. आणि कलावंताला मुक्त करताना त्याच्या हातातली विद्या लाजेखातर टाकून देणे हे नुकसान होय.

आपल्या विद्यार्थ्यांच्या घरांत टोपल्या विणणारे, चामड्याचे काम जाणणारे, दोर वळणारे, भिंती सारवून त्यांवर रेखाटणारे, हलगी व ढोलकी वाजवणारे हात आहेत, किंवा कालपरवापर्यंत होते. ती कामे लादली गेली होती, म्हणून आपल्या पूर्वजांनी त्यांपैकी अनेक सोडली आणि ते योग्यच केले. परंतु सोडलेल्या कामातले कसब आपले होते. ते कसब, त्याचे शब्द, त्याची हत्यारे, त्याची मापे कोणीतरी लिहून ठेवली पाहिजेत, आणि ते लिहिणारा बाहेरचा नसावा.

कुमारस्वामी यांना परक्या घरात जाऊन विचारावे लागले. आपल्या माजी विद्यार्थ्यांना तर केवळ सुटीत घरी जायचे आहे. आजोबांपाशी वही घेऊन बसावे, आजीच्या ओव्या उतरवून घ्याव्यात, हत्याराचे नाव विचारावे आणि ते कसे धरतात हे पाहावे. सांगणारी माणसे अजून आहेत. ती फार काळ असणार नाहीत. या कामाला आपल्या शाळेच्या ग्रंथालयात एक कपाट लाभले, तर सिंहली कारागिरांच्या या चरित्रकाराचे ऋण आपण आपल्या रीतीने फेडले असे म्हणता येईल.